जवळचे चेंडू

९ जानेवारी

सामान लागलं. तळमजला, रुंद दारं, उंबरा नाही. हिची खुर्ची स्वयंपाकघरापासून मागच्या खोलीपर्यंत कुठेही न अडकता जाते. मुलगी म्हणाली, "बाबा, घर अगदी आईचा विचार करून घेतलंत." मी मान हलवली. घर मी अंतर बघून घेतलं.

जुन्या घरी दर बुधवारी क्लबातल्या बायका यायच्या. हिच्या पलंगाभोवती बसून जुने सामने पुन्हा खेळायच्या. कुणाचा चेंडू कुठल्या झाडाला लागून परत आला वगैरे. ही अर्ध्या तोंडाने हसायची. चहा मी करायचो. इतक्या लांब त्या येणार नाहीत.

आता क्लब. जुन्या क्लबात भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर हिचं नाव होतं, सोनेरी अक्षरांत, चार वेळा. माझंही नाव होतं. गाडी लावायच्या जागेवर, पांढऱ्या रंगात.

इथे गाडीने जाण्यासारखे तीन क्लब आहेत. तिन्ही बघायचे, मगच ठरवायचं. घाई नाही.

हिची गोल्फची पिशवी आणायची नाही असं सांगितलं होतं. मुलीने ती ट्रकमध्ये चढवलीच. सध्या जिन्याखाली ठेवली आहे.

१२ जानेवारी

पहिला क्लब. तळ्याकाठी. हिला सोबत नेलं. मुलगी म्हणते घरात बसून ती कोमेजेल. शिवाय खुर्चीवरची बायको सोबत असली की लोक दार धरून उभे राहतात. सचिव स्वतः बाहेर आला, मला हाताला धरून आत नेलं. आजारी मी नव्हतो.

"तुमच्या मिसेस खेळायच्या का?" त्याने विचारलं.

"कधीच नाही," मी म्हणालो. "तिला ऊन सोसत नाही."

उगाच चौकशा कशाला. एकदा खेळायची म्हटलं की किती, कशी, कुठे, सगळं आलं. हिलाच त्रास.

हिने तोंडाने आवाज केला. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिच्याकडे तीन शब्द उरलेत. हो, नको आणि अहो. बाकी शब्द सुरू होतात आणि मध्येच बसतात. मी म्हटलं, "पाणी हवंय तिला." सचिवाने पाणी मागवलं. ती प्यायली नाही.

सचिवाबरोबर थोडं खेळलो. माणूस भला आहे. माझा चेंडू होलपासून वीतभर राहिला तर म्हणाला, "झाला, उचला." गोल्फमध्ये तशी पद्धत आहे. चेंडू इतका जवळ असला की समोरच्याने म्हणायचं, झाला. मग तो मारावा लागत नाही, पडला असं धरतात. साधी माणुसकी आहे.

हिने मला असा चेंडू एकदाही दिला नाही. चार बोटांवर चेंडू असला तरी पटरवर, म्हणजे चेंडू होलात ढकलायच्या काठीवर, रेलून उभी राहायची आणि म्हणायची, "अहो, खेळा."

क्लब चांगला आहे. गवत मात्र शेळ्यांनी कापल्यासारखं. नाही.

१५ जानेवारी

बोलायला शिकवणारी बाई आली होती. तासभर हिच्यासमोर चित्रं धरत बसली. जाताना मला म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही त्यांची वाक्यं पूर्ण करू नका. थांबा. वेळ लागू दे."

मी आयुष्यभर दातांचा दवाखाना चालवला. तोंड उघडं असलेल्या माणसांशीच बोललो. त्यांना काय म्हणायचंय ते मला त्यांच्या आधी कळायचं. हे तिला सांगितलं.

ती म्हणाली, "त्यांची भूल उतरायची, डॉक्टर."

तिला पुढच्या आठवड्यापासून येऊ नका म्हणून कळवलं.

१८ जानेवारी

दुसरा क्लब. सगळा सपाट. गाडीतळापासून ग्रीनपर्यंत, म्हणजे होलभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या गवतापर्यंत, फरसबंद वाट आहे. खुर्ची आपोआप घरंगळत जाते.

तिथे बायकांच्या विभागाची प्रमुख भेटली. मोठ्या काठाची टोपी. नाव सांगितलं तिने, पण मी तिला टोपीवालीच म्हणणार. तिने तोच प्रश्न विचारला, मी तेच उत्तर दिलं. "मग तुम्ही खेळून या," ती म्हणाली, "या बसतील माझ्याजवळ, सरावाच्या ग्रीनपाशी."

या क्लबाची रीत अशी की नवीन माणसाला आधी दोन सभासदांबरोबर खेळवतात. गुण बघत नाहीत, वागणं बघतात. मी चांगला वागलो. एका सभासदाचा चेंडू झाडीत गेला तर शोधायलाही गेलो.

परत आलो तर सरावाच्या ग्रीनवर घोळका. मध्ये हिची खुर्ची. हिच्या डाव्या हातात कुणाचा तरी पटर. खुर्ची होलकडे नाही, आडवी लावलेली. टोपीवालीने मागून चाकं धरलेली. हिने पटर हलवला. चेंडू डावीकडे निघाला, उतारावर वळला, आणि आत पडला. टाळ्या.

टोपीवाली माझ्याकडे आली. "या कधीच खेळल्या नाहीत म्हणालात."

"नवशिक्यांचं नशीब असतं," मी म्हणालो.

"मारायच्या आधी त्यांनी मला खुर्ची होलच्या पलीकडे न्यायला लावली. बोटाने दाखवत होत्या. उतार दोन्हीकडून बघितला. नवशिके कुठे एवढं बघतात?"

"ती चौकस आहे."

ही माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा अर्धाच हलतो, त्यामुळे हसते आहे की काय ते सांगता येत नाही.

परतताना गाडीत तिने सुरू केलं, "अहो... मी... मी..." मी म्हटलं, "दमलीस. कळतंय मला." मग ती खिडकीबाहेर बघत बसली.

त्या ग्रीनचा वेग कमी आहे, चेंडू रेंगाळतो. खरा खेळाडू तिथे कंटाळेल.

१९ जानेवारी

टोपीवालीचा फोन. दर मंगळवारी बायका सरावाला जमतात, मिसेसना पाठवा. गाडी पाठवते म्हणाली.

"डॉक्टर नाही म्हणालेत."

"कुठले डॉक्टर?"

"मी."

मग म्हणाली, "तुम्ही दातांचे ना?"

लोकांना चौकशा फार.

२१ जानेवारी

मुलगी आली. डबे घेऊन आली, त्यामुळे भांडण जेवणानंतर झालं.

"सपाट क्लबाचं काय झालं?"

"ग्रीन संथ आहेत."

"बाबा, तुम्ही सत्तरीला आलात. तुम्हीही संथच आहात."

"मी तिसरा क्लब बघणार आहे. टेकडीवरचा."

"तिथे पायऱ्या आहेत. मी बघितल्यात फोटोत. आईला कशा चढवणार?"

"तिला कशाला चढवायचं? ती काय खेळणार आहे का?"

मुलीने आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती. मुलगी ताटं उचलता उचलता म्हणाली, "तुमचे पेशंट बरे होते, बाबा. तोंड बंद झालं की त्यांना घरी तरी जायला मिळायचं."

तिला वाटतं मी ऐकत नाही. मी सगळं लिहून ठेवतो.

२४ जानेवारी

तिसरा क्लब. हाच.

वर जायला दगडी पायऱ्या, दुतर्फा कुंड्या. इमारत जुनी, नियम जुने, पंखेही जुने. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. पांढऱ्या भुवया, हळू बोलणं. माझ्याबरोबर ते स्वतः खेळले. गवत गालिच्यासारखं. चेंडूला नुसता स्पर्श केला की पळतो.

पहिल्याच होलला माझा चेंडू हातभर लांब राहिला. वीत नाही, हातभर. न्यायाधीश म्हणाले, "झाला." दुसऱ्या होलला त्याहून लांब राहिला. "झाला," ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, हा तर बराच लांब आहे." ते म्हणाले, "आपण इथे एकमेकांना त्रास देत नाही."

असं वाक्य आमच्या घरात कुणी बोललं नाही.

जुन्या क्लबातला जोडप्यांचा अंतिम सामना आठवला. चिठ्ठ्या टाकून जोड्या बदलल्या होत्या, त्यामुळे ही समोरच्या जोडीत. शेवटचा होल, बरोबरी. माझा चेंडू वीतभर. सगळा क्लब कडेला उभा. कुणीही म्हटलं असतं, झाला. मी वाकून चेंडू उचलणार इतक्यात ही म्हणाली, "अहो, खेळा." मी खेळलो. चेंडू होलच्या काठावरून फिरून बाहेर आला.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर तिने मला उतार समजावून सांगितला.

हिला आज गाडीतच ठेवलं होतं. झाडाच्या सावलीत गाडी लावली होती, काच चार बोटं उघडी. खेळ लांबला, मग न्यायाधीशांनी चहाला थांबवलं. ते म्हणाले, "मिसेस नाही आल्या?" मी म्हटलं, "ती कुठे येत नाही." खाली आलो तर सावली सरकली होती. हिचा चेहरा लाल. बैठक ओली झाली होती, ते कव्हर धुवायला टाकलं. पाणी दिलं. ते मात्र सगळं प्यायली.

पुढच्या वेळी ही घरीच राहील. तिच्याच भल्याचं आहे.

२६ जानेवारी

सुतार आला. पडद्यांचे दांडे बसवले. मागच्या खोलीतल्या खिडक्या उंच, हिला खुर्चीतून पडदा ओढता येत नाही. उठसूट ताईंना हाक मारावी लागते. ताई म्हणजे हिला सांभाळायला येतात त्या. मला कल्पना सुचली. जिन्याखालच्या पिशवीतून हिचा पटर काढला.

सुताराला म्हटलं, "हा वरून कापा. खालचं लोखंड राहू द्या, त्याच्यात पडदा अडकतो."

त्याने हातात घेऊन तोलून बघितला. "कापू? चांगली वस्तू दिसतेय."

"आता त्याचा काही उपयोग नाही."

ही समोरच होती. "नको," ती म्हणाली. तिचा हो कधी नको असतो आणि नको कधी हो असतो, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं आहे. करवत चालू असेपर्यंत ती तेच म्हणत राहिली. खुर्चीत बसल्यावर हाताला येईल एवढा ठेवला, वर जुनी रबरी मूठ परत चढवून दिली. तिच्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं, "बघ, आता पडदा तुझ्या हातात."

उरलेली पिशवी भंगारवाल्याला दिली. जिन्याखाली बरीच जागा झाली.

संध्याकाळी मुलीला फोन करून पडद्याचं सांगितलं. तिने फोन ठेवला. मला वाटलं होतं, आनंद होईल.

२९ जानेवारी

मागच्या खोलीतून आवाज येतो. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

दारातून बघितलं. ताईंनी जमिनीवर स्टीलचा पेला आडवा ठेवलाय. ही खुर्ची आडवी लावून डाव्या हाताने चेंडू ढकलते. चेंडू कुठून आले? मुलीने दिले असणार. पटर आता खुर्चीच्या मापाचा आहे, त्यामुळे हात अगदी सरळ खाली येतो. पूर्वीच्या लांब पटरने तिला वाकडं व्हावं लागलं असतं. हे कापताना माझ्या लक्षात आलं नाही.

ताई म्हणाल्या, "बघा हो, पाचात चार घालतात."

पडदे दिवसभर उघडेच होते.

३१ जानेवारी

मुलगी मंगळवारी मला न विचारता हिला सपाट क्लबावर घेऊन गेली होती, हे आज कळलं. मी तेव्हा टेकडीवर अर्ज द्यायला गेलो होतो. टोपीवालीला तिने सगळं सांगितलं. फळी, सोनेरी अक्षरं, सगळं.

टोपीवालीचा फोन आला. "डॉक्टर, तुम्ही म्हणालात त्या कधीच खेळल्या नाहीत."

"मला म्हणायचं होतं, अलीकडे."

"चार तारखेला बायकांची पटिंगची स्पर्धा आहे. त्यांचं नाव घातलंय. आणि तुम्हा दोघांनाही आम्ही घ्यायला तयार आहोत. समितीशी बोलले मी. त्यांच्यामुळे तुमचंही लवकर होईल."

त्यांच्यामुळे तुमचंही. हे वाक्य मी जुन्या क्लबात जन्मभर ऐकलं.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

१ फेब्रुवारी

टेकडीवरून होकार आला. न्यायाधीशांनी स्वतः फोन केला. "चार तारखेला दुपारी या, नव्या सभासदाचा पहिला खेळ माझ्याबरोबर असतो."

मी हिला सांगितलं. "क्लब ठरला. टेकडीवरचा. तुला तिथे यायला जमणार नाही, पण मी येऊन सगळं सांगत जाईन."

तिने पटर उचलून खिडकीकडे दाखवला. मला वाटलं पडदा लावायचाय. लावला. ती मान हलवत राहिली. उघडला. तरी हलवत राहिली. कधीकधी तिला नक्की काय हवं असतं ते तिलाच कळत नसावं.

३ फेब्रुवारी

टक्. टक्. टक्. दिवसभर.

जेवताना तिचा हात थरथरला नाही. डावा हात सुधारतोय. उद्याचे कपडे तिने ताईंकडून काढून घेतले, निळे. खुर्चीच्या पाठीला एक टोपी अडकवलेली दिसली, मोठ्या काठाची.

मुलगी सकाळी दहाला न्यायला येणार.

४ फेब्रुवारी

आजचं सविस्तर लिहितो, कारण मुलगी पुढे काहीही सांगेल.

सकाळी ताईंना औषधं आणायला पाठवलं. नाहीतरी आणायची होतीच. मागच्या खोलीत गेलो. ही तयार होऊन बसली होती. निळे कपडे, मांडीवर टोपी. पेला लांबच्या भिंतीशी, आधीपेक्षा कितीतरी लांब. ती माझ्याकडे न बघता खेळत होती.

पहिला चेंडू पेल्यापासून वीतभर राहिला. मी म्हटलं, "झाला." चेंडू उचलून खिशात घातला.

तिने माझ्याकडे बघितलं. दुसरा मारला. तो हातभर राहिला. न्यायाधीशांनीही दिला असता. "झाला," मी म्हटलं आणि उचलला.

तिसरा सरळ पेल्याकडे निघाला होता. पोचायच्या आधीच मी वाकून घेतला. पडलाच असता, मग उगाच त्रास कशाला. "हाही झाला," मी म्हटलं.

ती बोलायला लागली. "अहो." मग थांबली. बोलायला शिकवणाऱ्या बाईंची मला आठवण झाली. थांबा, वेळ लागू दे. मी थांबलो. खरंच थांबलो. तिचा गळा हलत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, ओठांची एक बाजू शब्द शोधत होती. फार वेळ लागला. तोवर मी पेला उचलला, स्वयंपाकघरात नेऊन विसळला, फडताळात जागेवर ठेवला आणि परत आलो.

"खेळू द्या," ती म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. पूर्ण वाक्य, झटक्यानंतरचं पहिलं. त्या बाईंना बंद केलं तेच बरोबर होतं. घरच्या घरीही सुधारणा होते.

मुलीला फोन केला. "आईला आज बरं नाही. येऊ नकोस."

"काय झालं? द्या तिला फोन."

"फोनवर ती काय बोलणार?"

टोपीवालीलाही कळवलं.

हिला विश्रांती हवी होती. खोलीत ऊन फार येत होतं. तिच्या हातातून पटर घेतला, बोटं एकेक करून सोडवावी लागली, आणि त्याने दोन्ही खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. लोखंड पडद्यात छान अडकतं. कल्पना चांगलीच होती. पटर दाराबाहेर ठेवला, अंधारात तिच्या पायात येऊ नये म्हणून.

दुपारी टेकडीवर गेलो. हवा सुरेख होती. न्यायाधीशांबरोबर सगळे होल खेळलो. जवळचे सगळे चेंडू त्यांनी मला दिले.